कोलूतलं शौर्यपदक

नवरात्राचे नऊ दिवस आमच्या घरातलं शौर्यपदक एका लाकडी राजाच्या छातीवर असतं. ज्यानं ते मिळवलं तो माझा धाकटा भाऊ, पायदळातून निवृत्त झालेला हवालदार, समोर खुर्ची टाकून बसतो आणि आलेल्या बायकांना हरभऱ्याच्या सुंडलाच्या, म्हणजे खोबरं घातलेल्या कोरड्या उसळीच्या, पुड्या देतो. बायका राजाकडे बघून हात जोडतात आणि माझ्या भावाला म्हणतात, "खोबरं जास्त असलेली द्या हं."

ही सगळी माझ्या आईची करणी. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत घटाबरोबर कोलूही मांडतात. कोलू म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्या. फळ्यांच्या सात पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं धुवट धोतर अंथरायचं आणि देवादिकांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ओळीनं बसवायचं. सगळ्यांत वर तांबड्या लाकडाचे राजा-राणी. त्यांना इथे मरपाची म्हणतात. आमचे मरपाची आईला तिच्या आईनं लग्नात दिलेले आहेत आणि दरवर्षी आई त्यांना नवे कपडे शिवते. भावाचं पदक घरी आलं त्या वर्षी तिनं राजाचा रेशमी अंगरखा पेटीत टाकला, हिरव्या कापडाचा लष्करी गणवेश शिवला आणि त्यावर पदक फितीसकट टाचलं. निसटू नये म्हणून वर चार टाकेही घातले. राजा जेमतेम वीतभर उंच, त्यामुळे पदक त्याच्या पोटाखाली लोंबतं. थोरल्या भावाचा सदरा घालून शाळेत आलेल्या पोरासारखा दिसतो तो.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण येणाऱ्या प्रत्येक बाईला आई पदकाची हकीकत सांगते. तमिळमध्ये, हातवारे करून. पहिल्या वर्षी माझ्या भावानं तीन शत्रू लोळवले होते. पुढच्या वर्षी पाच. गेल्या वर्षी आकडा अकरावर गेला आणि त्यातला एक जण सात फूट उंच होता. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. मला ही वाढ सहन होत नाही. सरकारनं दिलेलं प्रशस्तिपत्र मी दहा वेळा वाचलं आहे. त्यात लोळवण्याचा उल्लेखच नाही. एका चौकीजवळ झालेल्या गोळीबारात एका जखमी जवानाला स्वतःचा जीव धोक्यात घालून माझ्या भावानं उचलून आणलं, एवढंच त्यात आहे. मी एकदा बायकांसमोर ही दुरुस्ती केली. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

भावाला विचारलं तर म्हणायचा, "सोड गं, अक्का. तिणें किती वर्षें भिऊन काढलीं, तुजला ठाऊक आहे. आतां थोडें मिरवूं दे."

मी पुण्याला नोकरीत काही वर्षं काढली, म्हणून लिहिताना ही अशी तिकडची मराठी येते. घरी बोलताना मात्र तिकडे कधीच मागे पडलेली 'म्यां' आणि 'मजला' अजून तोंडात असतात. देवनागरी वाचणारी घरात मी आणि भाऊ दोघंच. मी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून, आणि तो पलटणीत शिकला म्हणून. चौकीवरून त्याची पत्रं यायची, तीही देवनागरीत. आईला मी वाचून दाखवायची. 'मी खुशाल आहे, थंडी आहे, डाळ चांगली आहे.' याच्या पलीकडे चौथं वाक्य कधी आलं नाही.

मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आमचे पूर्वज इथे तलवारी घेऊन आले असं प्रत्येक लग्नात कोणीतरी छाती फुगवून सांगतं. पण मागच्या चार पिढ्यांत आमच्या घराण्यात विळीपलीकडे कुठल्या हत्याराला कोणाचा हात लागला नव्हता. सगळे कारकून, मास्तर, फार तर तलाठी. हा एकटा अठराव्या वर्षी कोणाला न विचारता भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. नाकासमोर चालणारा पोरगा, भांडण झालं की माझ्या मागे लपायचा. पदक मिळाल्याची बातमी आली त्या दिवशी मी वर्गात बीजगणित अर्धवट टाकलं आणि चाळीस मुलींसमोर ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, घरी कोणी गेलं.

ज्याला त्यानं उचलून आणलं तो आमच्या इथलाच निघाला. पापनाशमच्या पलीकडे कालव्याकाठच्या एका खेड्यातला, भातशेती करणाऱ्या तमिळ घरातला. एकाच पलटणीत होते दोघं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. सैन्यानं दिलेला नकली पाय लावून तो गावी परतला, लग्न केलं, एक मुलगी झाली, भाताची मळणी करून देणारं यंत्र चालवू लागला. दर पोंगलला मोपेडवर नव्या तांदळाची पिशवी आणि ऊस घेऊन आमच्याकडे यायचा. आई त्याला केळीच्या पानावर जेवायला वाढायची आणि तो पुरे म्हणाला तरी सांबार ओतत राहायची. जेवण झालं की दोघं मित्र ओसरीवर बसायचे आणि तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. असले गप्पिष्ट मित्र मी दुसरे पाहिले नाहीत.

एकदाच मी त्यांचं बोलणं ऐकलं. मित्र हसत म्हणाला होता, "माझ्या गावात निम्म्यांना अजून वाटतं की माझा पाय लॉरीखाली गेला. मी चौकीची गोष्ट सांगितली की चहाच्या टपरीवर डोळे मिचकावतात."

"मग मी येतो एकदा पदक लावून," भाऊ म्हणाला.

"आत्ता नको. साक्षीदार आणला म्हणतील. मी मेलो की ये. मेलेल्या माणसासाठी कोणी खोटं बोलत नाही." आणि मग थट्टा बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "येशील ना? पदक लावून?"

भावानं त्याच्या हातावर हात मारला.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. पहाटे शेतावर जाताना मित्राचं हृदय बंद पडलं होतं. पंचेचाळीस वर्षंही पूर्ण नव्हती. दुपारी तीनला नेणार होते. त्याच्या बायकोनं रडत रडत एवढंच विचारलं, "तुम्ही येताय ना? ते म्हणायचे, तुम्ही याल."

भावानं फोन ठेवला, हातपाय धुवायच्या दगडाजवळ जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग आत आला, कपाटातून ब्लेझर काढला, बेरे टोपी झटकली. कोलूकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"पदक?" मी विचारलं.

"नको. असाच जातों."

का नको, ते मला कळत होतं. एकदा मांडलेला कोलू विजयादशमीपर्यंत हलवायचा नाही. दशमीला राजाला आडवं निजवायचं आणि मगच बाहुल्या उतरवायच्या. हे सगळ्याच घरांत पाळतात, पण आईच्या जिवाला ते फार जुनं लागलेलं आहे. आम्ही लहान असताना एका नवरात्रात चौथ्या दिवशी छत गळायला लागलं, म्हणून तिनं कोलू उचलून माजघरात मांडला. त्या वर्षी बाबांनी दिवाळी पाहिली नाही. डॉक्टरांनी सहा महिने आधीच बाबांच्या हृदयाचं सांगून ठेवलं होतं, पण आई डॉक्टरांचं कशाला मानते. आणि मग भाऊ सीमेवर असताना, ज्या आठवड्यात ती चकमक झाली तो आठवडा नवरात्राचा होता. कोलू जागच्या जागी होता. आईनं त्यावरची धूळसुद्धा झटकली नव्हती. पोरगा धडधाकट परत आला. पदक राजाच्या छातीवर जातं ते म्हणूनच. ते तिचं फेडणं आहे. आणि ते सहाव्या दिवशी राजाच्या अंगावरून उसवून काढायचं, तेही प्रेताच्या घरी न्यायला, असं तिला कोण सांगणार?

माझा भाऊ सांगणार नव्हता. गोळ्यांत धावत गेलेला हा माणूस आईला एक वाक्य बोलायला घाबरत होता. तिला नाही, तिच्या भीतीला.

मी मात्र भांडखोर म्हणून गावात प्रसिद्ध आहे. मी स्वयंपाकघरात गेले. आई संध्याकाळच्या सुंडलासाठी नारळ खवत होती. मी तिला मित्र गेल्याचं सांगितलं. तिचा हात थांबला. डोळे भरले. मग मी पदकाचं सांगितलं, टपरीवरच्या डोळे मिचकावणाऱ्यांचं सांगितलं, दोघांनी हातावर हात मारला होता तेही सांगितलं. ती मान हलवायला लागली.

"नको. काय वाटेल तें माग, हें नको. ह्या राजानेंच तुझ्या भावाला परत आणलें."

"बरें. राजानें ह्याला आणलें," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मग त्या दुसऱ्याला कोणें आणलें?"

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. "अक्का, पुरे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मी इतका राग पूर्वी पाहिला नव्हता. मला लगेच वाईट वाटलं. पंच्याहत्तरीची बाई, तिनं आयुष्यभर एका गोष्टीला धरून धीर ठेवला, आणि मी ती गोष्ट फळ्यावरच्या चुकीसारखी पुसायला निघाले होते.

आईनं खवणी बाजूला सारली. हात धुतले, पदराला पुसले. आमच्या दोघांच्या मधून बाहेरच्या खोलीत गेली आणि कोलूसमोर उभी राहिली. समईत तेल घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "स्टूल धर."

मी स्टूल धरलं. ती चढली. मागून भाऊ म्हणाला, "आई, राहूं दे, खरेंच राहूं दे," पण तिनं राजाला एका हातानं कमरेपाशी पकडलं आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीनं एकेक टाका कापायला लागली. चौथा टाका तुटला. पदक तिच्या मुठीत आलं. राजाला तिनं आडवं केलं नाही. त्याचा सुरकुतलेला हिरवा सदरा सारखा केला आणि त्याला पुन्हा राणीशेजारी उभं केलं.

"तूं येथेंच राहा," ती राजाला म्हणाली. "आम्ही जाऊन येतों."

"आम्ही?" मी विचारलं.

"माझ्या हातचें जेवला आहे तो. म्यां येतें."

घट बसलेल्या घरातली बाई नवरात्रात असल्या ठिकाणी जात नाही. मी तोंड उघडणार होते, पण आयुष्यात पहिल्यांदा मला वेळेवर गप्प बसायचं सुचलं. आईनं ब्लेझरच्या डाव्या बाजूला स्वतःच्या हातानं पदक लावलं, तिरकं झालं म्हणून पुन्हा काढून लावलं. भाऊ तेवढा वेळ ताठ उभा होता. शेजारच्यांची गाडी मागून आणली आणि निघालो. आई खिडकीबाहेर भाताच्या हिरव्या खाचरांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. कोणता देव आळवत होती, मी विचारलं नाही.

गावात शिरलो तेव्हा ढोल वाजत होते. घरापुढे नारळाच्या झावळ्यांचा मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि आत बायका एकमेकींच्या गळ्यात हात टाकून गोल बसून रडत होत्या. भाऊ गाडीतून उतरला, टोपी सरळ केली आणि चालू लागला. आसपासच्या गावांतले चार माजी सैनिक आधीच आले होते. त्याला बघताच ते उठून उभे राहिले. ढोलवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायचं थांबवलं. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं पेले खाली ठेवून इकडे आली. माझा भाऊ मित्राच्या पायांशी गेला, टाचा जुळवल्या आणि कडक सलामी दिली.

टपरीवरच्यांतला एक पांढऱ्या मिशांचा माणूस पुढे आला. "हेच का ते पदक?" त्यानं विचारलं. उद्धटपणे नाही, पण विचारलं.

"हेच," भाऊ म्हणाला. आणि मग जे आम्ही इतकी वर्षं त्याच्या तोंडून काढू शकलो नव्हतो ते तो तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बोलला. "आम्ही सात जण उघड्यावर सापडलो होतो. पहिली गोळी ह्याच्या पायाला लागली. आम्ही त्याला ओढायला गेलो तर त्यानं शिवी देऊन हाकललं. पडल्या पडल्या तो गोळ्या झाडत राहिला. त्याच्या बंदुकीच्या आडोशानं आम्ही सहा जण दगडांमागे पोचलो. मग त्याची बंदूक गप्प झाली, तेव्हा मी परत गेलो आणि त्याला आणलं. लोकांनी माझंच पाहिलं. त्याचं आम्हा सहा जणांनीच पाहिलं. त्याला पदक मिळालं नाही. हे त्यानं मला मिळवून दिलेलं आहे."

प्रशस्तिपत्र दहा वेळा वाचणारी मी, मलाही यातलं अर्धं ठाऊक नव्हतं. पांढऱ्या मिशांच्या माणसानं खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं आणि मित्राच्या पायांशी वाकला. त्याच्या मागून एकेक करून टपरीवरचे सगळे वाकले. मी अशी ताठ उभी होते, जणू मलाच कोणी सलामी देत होतं. अभिमान कसा असतो ते पदकाच्या बातमीच्या दिवशी कळलं असं मला वाटायचं. ते काहीच नव्हतं.

मग बायकांच्या गोलातून मित्राची आई उठली. माझ्या आईपेक्षा थोरली, पाठीत वाकलेली, कानांच्या पाळ्या लोंबणारी. तिला धरायला दोघी आल्या तर तिनं त्यांचे हात झटकले. ती माझ्या भावासमोर येऊन उभी राहिली. पदक तिच्या अगदी डोळ्यांसमोर होतं, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कुठल्या खांद्यावर आणलंस रे त्याला?" तिनं विचारलं.

भावानं उजव्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं.

म्हातारीनं हात वर केला. पुरेना, म्हणून तो थोडा वाकला. तिनं तळवा त्या खांद्यावर ठेवला आणि बोटं फिरवत राहिली. न्हालेलं पोर पुसतात तशी. "तू आणलास म्हणून मला तो तेरा वर्षं आणखी मिळाला," ती म्हणाली. "सून मिळाली, नात मिळाली. आता नेतानाही ह्याच खांद्यावर ने."

तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा भाऊ पुढच्या बाजूला, उजवा खांदा लागेल असा उभा राहिला. भावकीतल्या कोणीतरी काही म्हणायला तोंड उघडलं, पण पांढऱ्या मिशांच्या माणसानं त्याला मागे ओढलं. ब्लेझर, पदक, टोपी, सगळं तसंच, आणि अनवाणी. तिरडीचं ओझं त्याच्या खांद्यावर आलं तेव्हा त्यानं क्षणभर डोळे मिटले. मग पाऊल टाकलं.

बायकांनी गल्लीच्या तोंडापर्यंतच जायचं असतं. मित्राची आई आणि माझी आई तिथे हातात हात धरून उभ्या होत्या. आई रडत नव्हती. पोराच्या पाठमोऱ्या खांद्याकडे बघत होती.

"इतकीं वर्षें," ती मला म्हणाली, "म्यां त्याच्या छातीकडेच पाहत बसलें."